भिवंडीत पाहण्यासारखे काय आहे?

'भिवंडीत पाहण्यासारखे आहे तरी काय?' हा प्रश्न बाहेरचा माणूस विचारतो तेव्हा त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू असते. भिवंडीकर स्वतः विचारतो तेव्हा त्याच्या स्वरात शरम असते. कल्याण नाक्यावरची वाहतुकीची कोंडी, खड्ड्यांत गेलेले रस्ते, काळे पाणी वाहून नेणारी कामवारी नदी आणि रात्रंदिवस चालणारी मागांची खटखट एवढेच या शहराचे चित्र वर्तमानपत्रांनी उभ्या महाराष्ट्राच्या मनावर बिंबवले आहे. आम्ही आज या प्रश्नाचे उत्तर गंभीरपणे देऊ इच्छितो. एखादा समाज कोणती वास्तू 'प्रेक्षणीय' म्हणतो आणि कोणतीकडे पाठ फिरवतो, यावरून तो कोणाला माणसांत गणतो हे कळते, अशी आमची धारणा आहे.

या विषयाला निमित्तही आहे. १७ मार्च २०२५ रोजी, तिथीनुसार येणाऱ्या शिवजयंतीच्या मुहूर्तावर, भिवंडी तालुक्यातील मराडे पाडा येथे छत्रपती शिवाजी महाराजांच्या मंदिराचे लोकार्पण राज्याच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते झाले. समारंभ थाटाचा होता. त्याच सायंकाळी नागपुरात औरंगजेबाच्या कबरीच्या वादावरून दंगल उसळली. एकाच दिवशी राज्याच्या एका टोकाला एक वास्तू उभी राहत होती आणि दुसऱ्या टोकाला एक वास्तू उखडण्याच्या मागणीपायी शहर पेटत होते. वास्तूंचे राजकारण किती दाहक असते हे भिवंडीला कोणी शिकवण्याची गरज नाही. ते तिने आपल्या अंगावर सोसले आहे. म्हणूनच, या शहराने स्वतःची ओळख म्हणून काय दाखवावे आणि काय जपावे, हा विचार पर्यटन खात्याच्या रंगीत पुस्तिकांवर सोडून चालणार नाही.

दगडात लिहिलेला इतिहास

प्रारंभ लोनाडपासून करू. भिवंडी तालुक्यातील या लहानशा गावाजवळच्या टेकडीत एक बौद्ध लेणे आहे. त्याच्या ओसरीतल्या शिल्पपटात राजदरबाराचा देखावा कोरलेला असून तो जातककथेतला प्रसंग असावा असे अभ्यासक मानतात. बुद्धाच्या अनुयायांसाठी खोदलेल्या याच लेण्यात पुढे गावकऱ्यांनी खांडेश्वरी देवीची पूजा मांडली, आणि दोन्ही श्रद्धा एकाच छपराखाली नांदल्या. कोणी कोणाला उखडले नाही. गावातच शिलाहारकालीन शिवमंदिराचे भग्न पण देखणे अवशेष उभे आहेत. जवळच्या चौधरपाड्यात शिलाहार राजा केशिदेव याचा शके ११६१ चा, म्हणजे पावणेआठशे वर्षांहून जुना, दानलेख सापडला. उत्तर कोकणाच्या इतिहासाच्या अभ्यासकांना या लेखांवाचून पुढे जाता येत नाही.

लोनाडचे महत्त्व एकट्या लोनाडपुरते नाही. उल्हास नदीच्या खाडीवरचे कल्याण हे प्राचीन बंदर. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे कोरलेली आढळतात. या बंदराकडून घाटांकडे जाणाऱ्या वाटांवर जी वस्ती झाली, जी लेणी खोदली गेली, त्या साखळीतला लोनाड हा एक दुवा आहे. भिवंडी स्वतःही कामवारीच्या खाडीवरचे बंदर होती. आजही शहरात 'बंदर मोहल्ला' हे नाव टिकून आहे, बंदर मात्र गाळात गेले.

शिलाहारांच्या मुलखात जागोजाग 'गधेगळ' उभे केलेले आढळतात. जो कोणी दिलेल्या जमिनीचे दान मोडील त्याला अत्यंत ओंगळ शाप देणारे हे दगड. त्या शापाची भाषा आज छापवणार नाही. परंतु जमीन बळकावणाऱ्याची भीती आठशे वर्षांपूर्वीच्या राजालाही वाटत होती, एवढे त्यावरून दिसते. आज या मुलखाकडे पाहावे. मुंबईच्या जकात नाक्याच्या अलीकडे म्हणून येथे प्रथम गोदामे आली. २०१७ साली वस्तू व सेवा कर आल्यावर आणि घरबसल्या खरेदीचा व्यापार फोफावल्यावर त्यांचा पूरच लोटला. माणकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे या गावांच्या भातखाचरांवर पत्र्याची अवाढव्य छपरे पसरली. देशातल्या बड्या कंपन्यांचा माल येथे उतरतो आणि येथून सुटतो. शेत विकून आलेला पैसा संपला की त्याच शेतावरच्या गोदामात त्या शेतकऱ्याचा मुलगा कंत्राटी हमाल म्हणून उभा राहतो. अशा या लोंढ्यात वाटेवरचा एखादा कोरीव दगड भरावाखाली गेला तर त्याची दाद कोण घेणार? गधेगळाचा शाप गोदामाच्या मालकाला लागत नाही, हे आता सर्वांना कळून चुकले आहे. तेथे कायदाच लागू व्हावा लागतो, आणि कायदा लागू व्हायला लोकांचा रेटा लागतो.

देवी, कुंडे आणि मुंबईचे पाणी

तालुक्याचे सर्वांत परिचित स्थळ म्हणजे वज्रेश्वरी. पोर्तुगीजांकडून १७३९ साली वसई जिंकल्यानंतर चिमाजी आप्पांनी नवस फेडण्यासाठी हे मंदिर बांधले. किल्ल्यासारखा तट आणि उंच पायऱ्या असलेल्या या मंदिराकडे आजही लक्षावधी भाविक जातात. वसईच्या या मोहिमेत अंजूरच्या गंगाजी नाईकांनी मोठा वाटा उचलला होता. अंजूर हेही भिवंडी तालुक्यातलेच गाव. चिमाजी आप्पांचे नाव प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. परकी जुलमाविरुद्ध स्थानिक माणसे जोडणाऱ्या, पेशव्यांचे दार ठोठावणाऱ्या नाईकांचे नाव तालुक्याबाहेर किती जणांना ठाऊक आहे? इतिहास सेनापतींचा लिहिला जातो. वाटा दाखवणारे, होड्या पुरवणारे, रसद वाहणारे लोक त्यातून गळतात.

वज्रेश्वरीजवळ अकलोली आणि गणेशपुरी येथे तानसा नदीच्या काठी गरम पाण्याची कुंडे आहेत. गणेशपुरीत स्वामी नित्यानंदांची समाधी आहे. १९६१ साली त्यांचे निधन झाले तेव्हापासून देशोदेशींचे भक्त तेथे येतात. या भक्तिभावाबद्दल आमची काही तक्रार नाही. कुंडात उतरणाऱ्या दमलेल्या माणसाला जो विसावा मिळतो तो खरा आहे. आमचे म्हणणे एवढेच की, यात्रेकरूंच्या मोटारी ज्या रस्त्याने जातात त्याच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वीटभट्ट्या धुमसत असतात आणि त्यांवर कातकरी कुटुंबे उचल घेऊन राबत असतात. पावसाळा संपला की पाडे ओस पडतात आणि मुलांची शाळा सुटते. वेठबिगारी कायद्याने १९७६ साली संपली. उचलीच्या हिशेबाच्या वहीतून ती अजून डोके वर काढते.

आणखी एक स्थळ असे आहे की जे कोणी पाहायला जात नाही. पिसे आणि पांजरापूर. मुंबईकर नळ उघडतो तेव्हा त्याच्या घागरीत पडणाऱ्या पाण्याचा फार मोठा भाग भिवंडी तालुक्यातल्या याच ठिकाणांहून गेलेला असतो. महाकाय जलवाहिन्या पाड्यांच्या उशापायथ्याने धावतात. उन्हाळ्यात त्यांच्या गळक्या सांध्याखाली हंडे लावून उभ्या असलेल्या बायका हेही या तालुक्याचे एक दृश्य आहे. पर्यटन पुस्तिकेत त्याचे छायाचित्र येणार नाही. आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे मात्र ते असावे.

ताणा आणि बाणा

आता शहराकडे वळू. भिवंडी हे शहर कापडाने विणले आहे. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातून उखडले गेलेले मोमीन विणकर मालेगावला आले तसे भिवंडीलाही आले. कोकणी मुसलमान, आगरी, कुणबी हे येथले जुने रहिवासी. पुढे तेलंगणातून पद्मशाली विणकर आले आणि पद्मानगर वसले. पूर्वांचल आणि बिहारमधून मजुरांची रीघ लागली. म्हणून या शहरात मराठी, उर्दू, तेलुगू आणि भोजपुरी या चार भाषा एका गल्लीत ऐकू येतात. दिवाणशाहच्या दर्ग्यात नवस बोलणारे सगळेच मुसलमान नसतात. वऱ्हाळादेवीचा तलाव तर सर्वांचाच. शंभरी ओलांडलेल्या वाचन मंदिरात मराठी ग्रंथांची कपाटे आहेत, तर रईस हायस्कूलच्या मैदानावर २०१६ साली राष्ट्रीय पातळीवरचा उर्दू ग्रंथमेळा भरला आणि त्याला भिवंडीकरांनी तोबा गर्दी केली. ज्या शहराला अडाणी म्हणून हिणवले जाते त्या शहरातले मजूर पुस्तके विकत घेण्यासाठी रांगा लावतात, ही गोष्ट आमच्या मते कोणत्याही कारंज्यापेक्षा आणि 'सेल्फी पॉइंट'पेक्षा अधिक पाहण्यासारखी आहे.

परंतु भिवंडीचे खरे स्मारक म्हणजे यंत्रमाग. हा माग आज वर्षानुवर्षे मुंबईच्या इतिहासाशी बांधला गेला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा ऐतिहासिक संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि गिरण्यांचे भोंगे थांबले. कापडाचा बाजार मात्र थांबला नाही. गिरणीमालकांनी आपले काम भिवंडीच्या मागांवर वळवले. गिरणगावात युनियन होती, महागाई भत्ता होता, भविष्यनिर्वाह निधी होता. भिवंडीत मीटरमागे मजुरी, बारा तासांची पाळी आणि हजेरीपटावर नाव नसलेला मजूर होता. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने या बदलावर सरकारी शिक्का मारला. एका छपराखालचे माग चार नावांवर दाखवले की कारखाने कायदा दाराबाहेर राहतो, ही युक्ती येथे लहान मुलालाही ठाऊक आहे. भांडवलाने कामगारांच्या एका शहराला दुसऱ्या शहराकरवी हरवले. ही गोष्ट ज्या शहरात घडली ते शहर कामगार चळवळीच्या कार्यकर्त्याने पाहिलेच पाहिजे.

त्याने मागाच्या शेडमध्ये शिरावे. धोट्याच्या आवाजात शेजारच्याशी बोलायचे तर ओठांच्या हालचालींवरून समजून घ्यावे लागते हे अनुभवावे. हवेत तरंगणारा कापसाचा तंतू श्वासाबरोबर छातीत कसा उतरतो ते पाहावे. मग 'भिसी'त जाऊन मजुरांच्या पंक्तीला जेवावे. एकाच खोलीत दिवसपाळीचा आणि रातपाळीचा मजूर आळीपाळीने एकाच सतरंजीवर कसे झोपतात ते पाहावे. मे २०२० च्या पहिल्या आठवड्यात टाळेबंदीने उपाशी पडलेल्या मजुरांना घेऊन भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे गाडी सुटली. राज्यातून निघालेल्या पहिल्या श्रमिक गाड्यांपैकी ती एक होती. त्या स्थानकाच्या फलाटावर एकही फलक नाही. एरवी एखाद्या मंत्र्याने नारळ फोडला तरी संगमरवरी पाटी बसते.

त्यानंतर चार महिन्यांनी, २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे, पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत झोपलेल्या कुटुंबांवर कोसळली आणि चाळिसच्या आसपास माणसे गेली. वारसा म्हटला की आपल्याला जुनी मंदिरे आणि किल्ले आठवतात. चाळीस वर्षेही न टिकणारी घरे हाही या व्यवस्थेने मागे ठेवलेला वारसाच आहे.

न बांधलेले स्मारक

१६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि येथल्या खाडीने त्यांना दर्याकडे जाण्याची वाट दिली. त्याच महाराजांच्या जयंतीच्या मिरवणुकीवरून ७ मे १९७० रोजी भिवंडीत दंगल पेटली आणि जळगाव, महाडपर्यंत तिची धग गेली. न्यायमूर्ती मादन आयोगाने या दंगलीची तपासणी करून जातीय संघटनांचे डावपेच आणि पोलिसांचा पक्षपात यांवर जे कठोर निष्कर्ष नोंदवले ते भारतातल्या दंगलींच्या अभ्यासात आजही आधारभूत मानले जातात. शासनाने त्यांचे काय केले हे सांगायला नको. मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा जळाली, आणि या वेळी आग ठाणे-मुंबईपर्यंत पोहोचली.

यानंतरचा भाग फारसा सांगितला जात नाही. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने शहरात मोहल्ला समित्या स्थापन झाल्या. प्रतिष्ठितांच्या शांतता समित्यांहून त्या वेगळ्या होत्या. त्यांत माग चालवणारा, भाजी विकणारा, रिक्षा हाकणारा माणूस दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्यासोबत बसला आणि नळाच्या भांडणापासून बोलू लागला. डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पाडली गेली. मुंबईने दोन महिने रक्ताचा सडा पाहिला. भिवंडी मात्र शांत राहिली. दोनदा होरपळलेले, देशभर दंगलीचे शहर म्हणून कुप्रसिद्ध झालेले हे गाव, सर्वांत कठीण परीक्षेच्या वेळी उत्तीर्ण झाले.

या घटनेचे स्मारक कोठे आहे? १९७० आणि १९८४ मध्ये गेलेल्यांची नावे कोरलेला एखादा दगड, १९९२ मध्ये रात्र रात्र जागून गल्लीच्या तोंडाशी बसलेल्या हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांची आठवण सांगणारी एखादी खोली या शहरात नाही. द्वेषाच्या स्मृती जागवायला संघटना आहेत, निधी आहे, मिरवणुका आहेत. शहाणपणाच्या स्मृतीला वाली नाही. शिवरायांच्या नावाने मंदिर उभे राहिले आहे. त्यांच्या राज्यात कोणाच्याही श्रद्धास्थानाला धक्का लावू नये हा दंडक होता, ही गोष्ट त्या मंदिरात येणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगितली जावी, अशी अपेक्षा ठेवणे गैर आहे काय?

आधी भाकरी की आधी संग्रहालय?

आमचे काही साथी म्हणतील, ज्या शहरात किमान वेतन मिळत नाही, विजेचे दर परवडत नाहीत म्हणून माग भंगाराच्या भावाने विकले जात आहेत, तेथे लेणी आणि संग्रहालयांच्या गोष्टी म्हणजे पोट भरलेल्यांची चैन नव्हे काय? आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे.

पहिली गोष्ट अशी की, मजुराची भाकरी आणि मजुराची आठवण यांत वैर नाही. अमेरिकेतील लोवेल या कापडगिरण्यांच्या शहरात गिरण्या बंद पडल्यावर १९७८ साली तो परिसर राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान म्हणून घोषित झाला. तेथे एका जुन्या गिरणीच्या सभागृहात शेकडाभर माग आजही चालते ठेवले आहेत. ते पाहायला येणाऱ्याला गिरणीत राबलेल्या मुलींच्या संपांचीही कथा सांगितली जाते. इंग्लंडमधल्या क्वारी बँक गिरणीत अनाथ शिकाऊ मुलांना जेथे कोंबून ठेवत ते घर जसेच्या तसे जपले आहे. भांडवलशाही देशांनीसुद्धा एवढे केले. आपल्याकडे काय झाले? गिरणगावातल्या गिरण्यांचे मॉल आणि उपाहारगृहे झाली. काळाचौकीच्या वस्त्रोद्योग संग्रहालयाची घोषणा वर्षानुवर्षे लांबत गेली. गिरणी कामगाराच्या हातात शेवटी ना घर आले ना इतिहास. भिवंडीतही माग असेच भंगारात जाऊन त्या जागी गोदाम उभे राहिले, तर पन्नास वर्षांनी येथे काय होते हे कोणी सांगू शकणार नाही. ज्याचा इतिहास पुसला जातो त्याचे हक्कही लवकर पुसले जातात.

दुसरी गोष्ट आम्हाला स्वतःला उद्देशून म्हणायची आहे. देवळे, दर्गे, किल्ले, शिलालेख हे प्रतिगाम्यांचे विषय आहेत असे समजून समाजवादी आणि डाव्या चळवळीने भूतकाळाचे सारे रान मोकळे सोडले. आपण वेतनाच्या प्रश्नावर सभा घेत राहिलो आणि शेजारच्या मैदानावर दुसऱ्यांनी मुलांना इतिहास शिकवला. त्यांनी कोणता इतिहास शिकवला याची किंमत भिवंडीने दोनदा मोजली. ही आमची चूक होती आणि ती कबूल करण्यात कमीपणा नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. लोनाडच्या लेण्याचे, मंदिराचे आणि परिसरातल्या शिलालेखांचे रीतसर सर्वेक्षण व्हावे आणि त्यांच्या आसपास भराव व बांधकामाला बंदी असावी. कामवारीत सोडले जाणारे रंगाचे आणि सायझिंगचे सांडपाणी प्रक्रियेवाचून सुटू नये. नदीच मेली तर काठावरच्या कोणत्याही सुशोभीकरणाला अर्थ नाही. वाचन मंदिराला आणि उर्दू ग्रंथालयांना भरीव अनुदान मिळावे. एक जुनी यंत्रमाग शेड महानगरपालिकेने घेऊन तेथे विणकरांचे संग्रहालय उभारावे. त्यात मालकांच्या तसबिरींआधी कांडी भरणाऱ्या बायकांचे आणि माग चालवणाऱ्या मजुरांचे अनुभव त्यांच्याच आवाजात ठेवावेत. त्याच इमारतीत मोहल्ला समित्यांची खोली असावी. आणि हे सारे होण्याआधी, निदान होताहोता, चालू मागांवरच्या मजुराच्या हजेरीपटावर त्याचे नाव यावे. उपाशी विणकराला दाराशी उभे करून आत त्याचा माग दाखवणारे संग्रहालय आम्हाला नको.

शासन हे आपण होऊन करील अशी आशा कोणी बाळगू नये. कार्यकर्त्यांनी महिन्यातून एक रविवार काढावा. शाळा-महाविद्यालयांतली मुले बरोबर घ्यावीत, मराठी आणि उर्दू दोन्ही माध्यमांतली, आणि त्यांना पायी फिरवावे: बंदर मोहल्ल्यापासून वाचन मंदिराकडे, दर्ग्यातून तलावाकडे, तेथून एखाद्या मागाच्या शेडमध्ये, आणि दुसऱ्या खेपेला लोनाडच्या टेकडीवर. म्हाताऱ्या विणकरांना बोलते करावे आणि त्यांचे बोलणे टिपून ठेवावे, कारण १९७० ची भिवंडी डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत. या कामाला निधी लागत नाही. पायात बळ आणि ऐकून घेण्याची तयारी लागते.

मग पुढच्या वेळी कोणी हसत विचारील की, भिवंडीत पाहण्यासारखे काय आहे, तर त्याच मुलांपैकी एखादे त्याचा हात धरून त्याला दाखवायला नेईल.